जुन्या गाडीचा रंग : एक घरगुती उद्योग

(मंडळाच्या सभेत दिलेले भाषण)



ज्या गावात सरफोजी महाराजांच्या ग्रंथसंग्रहावर आणि मोडी कागदपत्रांवर बोलावे, तेथे आमच्यासारख्या बी. ए. झालेल्या सरकारी नोकराने मोटारीच्या मडगार्डावर बोलणे हे थोडे धार्ष्ट्याचेच आहे. परंतु कार्यवाहांनी आग्रह धरला, आणि आपल्यापैकी पुष्कळांच्या दारी जुनी गाडी आहे हेही आम्ही जाणून आहो.

आमची गाडी कुर्ल्याच्या कारखान्यातील प्रीमियर पद्मिनी. वडिलांनी हौसेने घेतलेली; त्यांच्यामागे ती आमच्याकडे आली व बदलीबरोबर तंजावरला आली. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी नवी करून घ्यावी लागते, त्या वेळी गाडी तपासली जाते. ही मुदत जवळ आली, तेव्हा मागच्या मडगार्डावर व दारांच्या तळाशी रंगाला फोड आले होते. बोट लावताच पापुद्रा निघे आणि खाली तांबूस भुकटी दिसे. सबंध गाडी रंगविण्याचा जो आकडा कारागिराने सांगितला, तेवढ्यात तशी दुसरी गाडी आली असती. "मोडीत द्यावी झालं," असे सौभाग्यवती म्हणाल्या, आणि मग बराच वेळ गप्प राहिल्या. लग्नानंतर त्या याच गाडीतून घरी आल्या होत्या.

पहिला प्रयत्न आम्ही दिवाळीच्या सुट्टीत केला आणि तेथेच फसलो. देशावर दसऱ्यापर्यंत पाऊस सरलेला असतो. येथे ऐप्पसी महिना लागला की ईशान्येचा पाऊस सुरू होतो. इतकी वर्षे कावेरीचे पाणी पिऊनही आमचे मन पुण्याच्याच पंचांगावर चालते! चटकन वाळणाऱ्या रंगाचा स्प्रेचा डबा आणून आम्ही फवारा मारला. थिनर झपाट्याने उडून जाताना पृष्ठभाग गार होतो व हवेतील दमट वाफ त्यावर धरते. त्यामुळे चकाकणारा पांढरा रंग राखेसारखा निस्तेज झाला. त्याहून वाईट म्हणजे, जुना रंग सिंथेटिक एनॅमल होता. थिनरने तो फुगला आणि कडेकडेने त्याला म्हाताऱ्याच्या हातासारख्या सुरकुत्या पडल्या.

येथील मोठ्या देवळात १९३१ साली नायककालीन चित्रांच्या थराखालून चोळांची चित्रे उजेडात आली. थरावर थर चढवणे तंजावरला नवे नाही. परंतु वरचा थर कशावर बसतो आहे, हे आम्ही पाहिलेच नव्हते. ते पाहणे सोपे आहे. दाराच्या आतल्या, न दिसणाऱ्या बाजूस थिनरचे फडके घासावे. रंग फडक्यावर उतरला तर तो लॅकर. सुरकुतला तर एनॅमल, आणि त्यावर एनॅमलच द्यावे.

दुसरा प्रयत्न मासी महिन्यात, म्हणजे फेब्रुवारीच्या उत्तरार्धात, कोरड्या हवेत केला. फोडाच्या चारी बाजूंनी दोन बोटे जास्त खरवडून, तारेच्या ब्रशाने व जाड पॉलिश पेपरने पत्रा उजळ केला. उघडा पत्रा रात्रभर तसाच ठेवू नये. येथे सकाळपर्यंत पुन्हा तांबूस होतो. म्हणून त्याच दिवशी रेड ऑक्साइडचे दोन पातळ हात दिले. त्यावर लांबी भरली, तीही कागदासारखी पातळ, एक थर वाळल्यावर दुसरा. एकदम जाड भरली की वरून वाळते, आत ओली राहते व पुढे तडकते. भोक पडले असेल तर मात्र लांबीवर विसंबू नये, वेल्डिंगवाल्याकडे जावे.

नंतर लाकडाच्या ठोकळ्यावर वॉटर पेपर गुंडाळून पाण्याने घासले: आधी २२०, मग ४००. जुन्या रंगात शिसे असू शकते. ओले घासल्याने त्याची धूळ नाकात जात नाही. खरी परीक्षा डोळे मिटून घ्यावी. जुन्या-नव्याची कड बोटाला लागता कामा नये. आमच्या बोटाला ती तीनदा लागली आणि तीन रविवार गेले. मग उन्हात पूर्ण सुकवून, टर्पेंटाइनने पातळ केलेल्या एनॅमलचे तीन हात मऊ ब्रशाने, एकेका दिवसाच्या अंतराने दिले. वेळ सकाळी दहाची निवडली. दव उडालेले असते आणि पत्रा तापलेला नसतो. रबिंग कंपाउंडला महिनाभर हात लावला नाही.

एक गोष्ट कारागीरही सांगत नाहीत. दारांच्या तळाशी पाणी जाण्यासाठी बारीक छिद्रे असतात. ती चिखलाने बुजली की दार आतून सडते, मग बाहेरून कितीही रंग द्या. आम्ही ती खराट्याच्या काडीने मोकळी केली. एका दारातून मूठभर माती निघाली. ती पुण्याची की इथली, कोण जाणे.

खर्च बाराशेच्या आत आला. नोंदणीही नवी झाली. रंग तोच ठेवला होता. बदलला असता तर नोंदणीपुस्तकात तशी नोंद करून घ्यावी लागली असती. ऊन पडले की मडगार्डावरचा ठिगळ किंचित पांढरा दिसतो, कारण जुना रंग पिवळट झाला आहे. सौभाग्यवतींना तो दिसतो, पण त्या काही बोलत नाहीत. अर्धा डबा एनॅमल उरले आहे. ज्यांची गाडी पांढरी असेल त्यांनी ते खुशाल न्यावे. मात्र दिवाळीत लावू नये.