बामियानच्या आधी काय काय गेलं?

बामियान म्हटलं की आपल्याला मार्च २००१ आठवतो. ५५ आणि ३८ मीटर उंचीच्या दोन बुद्धमूर्ती तालिबानने सुरुंग लावून उडवल्या. आपल्याच पुरातत्त्व खात्याच्या लोकांनी १९६९ पासून काही वर्षं तिथे राबून त्यांची डागडुजी केली होती.

पण नुकसान त्याच्या बरंच आधी सुरू झालं होतं. जलालाबादजवळ हड्डा म्हणून ठिकाण होतं. स्तूप, विहार, ग्रीक वळणाच्या बुद्धमूर्ती. ऐंशीच्या दशकातल्या युद्धात ते उद्ध्वस्त झालं. १९९३ मध्ये काबूलच्या राष्ट्रीय संग्रहालयावर रॉकेट पडलं, आग लागली, मग लूट. आणि तालिबान? ती उभी राहिली १९९४ मध्ये!

मग काबूलमध्ये लढत कोण होतं? बरेचसे तेच मुजाहिदीन गट, ज्यांना सोव्हिएत फौजांविरुद्ध अमेरिका आणि सौदीने पैसा नि हत्यारं पुरवली होती. वाटप पाकिस्तानच्या आयएसआयच्या हातात. सगळ्यात मोठा वाटा हिकमतयारच्या गटाला. त्याच गटाने पुढे काबूलवर रॉकेट डागली.

आमच्या भाषेत सांगायचं तर रूट ॲक्सेस देऊन टाकला, ऑडिट लॉग ठेवलाच नाही. १९८९ मध्ये सोव्हिएत फौजा गेल्या, हत्यारं मात्र तिथेच राहिली.

मूर्ती फोडणारा दोषी आहेच. पण यापुढे 'अमुक गटाला शस्त्रांची मदत' अशी बातमी दिसली, तर एक प्रश्न नक्की विचारा: युद्ध संपल्यावर ही शस्त्रं परत कोण घेणार?

भेटूया पुढच्या भागात!