चर्चची किल्ली रात्री कोणाकडे?
(वार्षिक मेळाव्यातील भाषण)



19 जुलै 2023 च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. ठाकर बांधवांची वाडी, वर जायला रस्ता नाही; मदतीला गेलेल्यांना भर पावसात पायवाटेने चढावे लागले. आपण चादरी, तांदूळ, भांडी पाठवली. योग्यच केले. पण 2014 साली माळीण गाडले गेले तेव्हाही आपण तेच केले होते. मधल्या नऊ वर्षांत काय केले, याचे उत्तर माझ्यापाशी नव्हते.

पुढे एका पावसाळ्याआधी मी डोंगराखालच्या वाडीवर बैठक घेतली. दरडीच्या खुणा सांगू लागले: जमिनीला भेगा, कललेली झाडे, एकाएकी गढूळ झालेला झरा. एक आजी म्हणाल्या, "ताई, ह्ये आमाला ठाव हाय. तुमचं चर्च पक्कं हाय, सपाटीला हाय. पन रातच्याला किल्ली कुनाकडं?"

किल्ली पाळकसाहेबांकडे, आणि पाळकसाहेब राहायला तालुक्याच्या गावी. मी खाली पाहिले.

मग कामाला लागलो. इमारत जाणकाराकडून तपासून घेतली. दोन जादा किल्ल्या केल्या, एक वाडीवरच ठेवली. कोणत्या घरात म्हातारे, बाळंतीण, अपंग आहेत आणि त्यांना कोण उचलून आणणार, हे तरुण संघाने लिहून काढले. धोक्याची घंटा उपासनेच्या घंटेपेक्षा वेगळी ठरवली.

अवघड निघाले ते वेगळेच. वाडीतील बहुतेक घरे ख्रिस्ती नाहीत. "चर्चमध्ये झोपलो तर लोक म्हणतील, धर्म बदलला." म्हणून पोलीस पाटील आणि भगत यांना सोबत घेऊन ठरवले की त्या रात्री तिथे संदेश नाही, पत्रके नाहीत, फक्त आसरा. आपल्याच काही सभासदांना हे रुचले नाही. चांगल्या शोमरोन्याने जखमीला आधी त्याचा धर्म विचारला नव्हता, एवढेच मी त्यांना म्हणाले. आणि योसेफाने धान्याचा पाचवा हिस्सा साठवला तो सुकाळात, दुष्काळ पडल्यावर नव्हे.

जुलैत एका रात्री झरा गढूळ झाला. घंटा वाजली, चौदा जण आले. दरड काही कोसळली नाही. सकाळी सतरंज्यांवरचा चिखल पाहून कमिटीतले एक भाऊ म्हणाले, "उगाचच उघडलं."

आजी पायरीवर चहा पीत बसल्या होत्या. म्हणाल्या, "आज रातीबी पाऊस हाय, भाऊ. सतरंज्या वाळवून ठिवा."