बाला देवी : आघाडीवरची दोन दशके



फुटबॉलच्या अकरा खेळाडूंत आघाडीवरच्या खेळाडूचा हिशेब सर्वांत सोपा मानला जातो. बचावपटूने किती संकटे टाळली हे मोजता येत नाही. मध्यरक्षकाचे श्रम जाणकारालाच दिसतात. स्ट्रायकरला मात्र सारे जग एकच प्रश्न विचारते : गोल किती? मणिपूरच्या न्गांगोम बाला देवी यांच्या बाबतीत हा सोपा प्रश्नही सोपा राहिलेला नाही. जानेवारी 2020 मध्ये स्कॉटलंडच्या रेंजर्स क्लबशी त्यांचा करार झाला, तेव्हा 2010 पासूनच्या 58 आंतरराष्ट्रीय सामन्यांत 52 गोल, असा आकडा वृत्तपत्रांनी छापला. पुढे 17 ऑक्टोबर 2024 रोजी काठमांडूत पाकिस्तानविरुद्ध त्यांनी गोल केला आणि आंतरराष्ट्रीय गोलांचे अर्धशतक पूर्ण करणारी पहिली भारतीय महिला म्हणून त्यांचे अभिनंदन झाले. बावन्न आधी आणि पन्नास नंतर! पुरुषांच्या संघाविषयी असा घोळ झाला असता, तर चार दिवस वाद रंगला असता. इथे तो फारसा कोणाच्या लक्षातही आला नाही.

बाला देवींचा जन्म 2 फेब्रुवारी 1990 चा, बिष्णुपूर जिल्ह्यातील इरेंगबाम गावचा. गावात मुलींचा वेगळा संघ कुठला असणार? त्या मुलांबरोबर खेळल्या. मात्र मणिपूरची गोष्ट इतर राज्यांहून निराळी आहे, हे येथे सांगितले पाहिजे. महिलांची राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा 1991 मध्ये सुरू झाली आणि त्या एका लहानशा राज्याने ती वीसहून अधिक वेळा जिंकली. मुलगी फुटबॉल खेळते म्हणून तेथे कपाळाला आठ्या पडत नाहीत असे नव्हे. पण खेळून पुढे गेलेली मुलगी शेजारच्या गावात, ओळखीच्या घरात दिसते. ओइनाम बेंबेम देवी यांच्यासारखी थोर मध्यरक्षक तेथे आधीच घडली होती. बाला देवी 2002 मध्ये, अवघ्या बाराव्या वर्षी, 19 वर्षांखालील मुलींच्या स्पर्धेत मणिपूरकडून उतरल्या आणि त्याही वर्षी, पुढच्याही वर्षी सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरल्या. 2005 मध्ये, पंधराव्या वर्षी, त्या भारताच्या वरिष्ठ संघात होत्या.

याच 2005 साली आणखी एका आघाडीच्या खेळाडूने भारतीय संघात पदार्पण केले. त्यांचे नाव सुनील छेत्री. जून 2024 मध्ये छेत्री निवृत्त झाले (पुढे ती मागे घेतली, हा भाग वेगळा), तोवर त्यांच्या नावावर 151 सामने आणि 94 गोल होते. एकच देश, एकच वर्ष, एकच जागा. पण पदार्पणानंतर पंधरा वर्षांनीही बाला देवींच्या सामन्यांचा आकडा साठीच्या आसपास घुटमळत होता. प्रतिसामना गोलांची सरासरी पाहिली तर पारडे बाला देवींकडे झुकते. त्यांचे बरेच गोल दक्षिण आशियातील दुबळ्या संघांविरुद्धचे आहेत, असा आक्षेप घेता येईल, आणि तो खोटा नाही. परंतु बलाढ्य संघांशी खेळायला कोणी नेलेच नाही, तर त्यांच्याविरुद्ध गोल करायचे कसे?

सामने नव्हते म्हणजे किती नव्हते? 2009 मध्ये भारताच्या महिला संघाचे नाव जागतिक क्रमवारीतून वगळले गेले. पराभवांमुळे नव्हे, तर संघ खेळतच नव्हता म्हणून. बाला देवी त्या वेळी एकोणीस वर्षांच्या होत्या. आघाडीच्या खेळाडूचे सारे भांडवल म्हणजे पहिल्या चार पावलांचा वेग आणि दोन बचावपटूंमधली फट क्षणभर आधी ओळखण्याची नजर. वेग वयाबरोबर ओसरतो. नजर मात्र सामन्यांतच घडते, एकट्याने कितीही सराव केला तरी घडत नाही. मुलीला मैदानावर पाठवतो, असे अभिमानाने सांगणाऱ्या पालकांनी म्हणूनच आणखी एक चौकशी करावी : वर्षभरात तिचे प्रत्यक्ष सामने किती झाले?

2010 पासून संघ पुन्हा उभा राहिला आणि दक्षिण आशियाई विजेतेपदे एकामागून एक मिळत गेली. 2014 व 2015 साठी राष्ट्रीय महासंघाने बाला देवींना वर्षातील सर्वोत्तम महिला खेळाडू म्हणून गौरवले. पोट मात्र फुटबॉलवर नव्हते. ते मणिपूर पोलीस दलातील नोकरीवर होते. त्या दलाच्याच संघाकडून 2018-19 च्या इंडियन विमेन्स लीगमध्ये त्यांनी 26 गोल केले. पण ही लीग होती तरी कशी? एका शहरात सारे संघ जमायचे आणि काही आठवड्यांत सगळे आटोपायचे. उरलेले वर्ष पुन्हा नोकरी आणि सराव. डिसेंबर 2019 मध्ये पोखऱ्यात, दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धेच्या अंतिम सामन्यात त्यांनी यजमान नेपाळविरुद्ध दोन गोल केले. भारत 2-0 असा जिंकला.

त्याआधी नोव्हेंबरमध्ये ग्लासगोला त्यांची चाचणी झाली होती. बेंगळुरू एफसी आणि रेंजर्स यांच्यातील सहकार्यामुळे ती संधी चालून आली. 29 जानेवारी 2020 रोजी अठरा महिन्यांचा करार जाहीर झाला, दहा क्रमांकाची जर्सी मिळाली. बेंबेम देवींना पद्मश्री जाहीर झाल्याला तेव्हा आठवडाही उलटला नव्हता. परदेशी क्लबशी व्यावसायिक करार करणारी पहिली भारतीय महिला फुटबॉलपटू म्हणून बाला देवींचे सर्वत्र कौतुक झाले. तीस वर्षे पूर्ण व्हायला त्या वेळी चार दिवस उरले होते. या वयात युरोपातले आघाडीचे खेळाडू कारकिर्दीच्या उत्तरार्धाचा विचार करू लागतात. बाला देवींच्या आयुष्यात केवळ खेळ हाच व्यवसाय असण्याचा तो पहिला दिवस होता.

आणि मार्चमध्ये महामारीने मैदाने बंद पाडली. नुकताच सुरू झालेला हंगाम रद्दबातल ठरला. घरापासून हजारो मैलांवर, परक्या थंडीत, सामन्यांविना महिनेच्या महिने काढणे आले. प्रतीक्षेची सवय त्यांना होतीच म्हणा! हंगाम पुन्हा सुरू झाल्यावर 6 डिसेंबर 2020 रोजी मदरवेलविरुद्धच्या सामन्यात, खेळ संपत आला असताना, त्यांनी गोल केला. रेंजर्स 9-0 ने जिंकले. त्या नऊ गोलांतील तो एक निकालाच्या दृष्टीने अनावश्यकच होता. पण युरोपातील वरिष्ठ श्रेणीच्या व्यावसायिक लीगमध्ये भारतीय महिलेने केलेला तो पहिला गोल होता.

पुढे गुडघा दुखावला, शस्त्रक्रिया झाली. जानेवारी 2022 मध्ये महिलांची आशियाई चषक स्पर्धा मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यात भरली, तेव्हा त्या संघात नव्हत्या. नवी मुंबईत इराणच्या बचावफळीपुढे भारताला एकही गोल करता आला नाही, सामना 0-0 असा सुटला. आणि पुढच्या सामन्याआधी खेळाडूंना कोविड झाल्याने यजमान संघच स्पर्धेबाहेर गेला. त्या बरोबरीच्या सामन्यात बाला देवी असत्या तर, हा प्रश्न अनेकांनी विचारला. त्याला उत्तर नाही.

गुडघ्याच्या अशा दुखापतीनंतर तिशी ओलांडलेले खेळाडू बहुधा परतत नाहीत. बाला देवी परतल्या. 2023 मध्ये हांगझाऊच्या आशियाई क्रीडा स्पर्धेसाठी निवडलेल्या भारतीय संघात त्यांचे नाव होते. त्याच वर्षाअखेरीस इंडियन विमेन्स लीगही प्रथमच घरच्या आणि बाहेरच्या मैदानांवर, सात संघांत, प्रत्येकी बारा सामन्यांची अशी काही महिने चालली. देशातल्या मुलींना खऱ्या अर्थाने हंगाम म्हणावा असा पहिला हंगाम लाभला. तो चालू असतानाच बाला देवींना चौतिसावे वर्ष पूर्ण झाले.