सुरक्षेच्या पैशाचा आराखडा कोण करतो?

(देवरी तालुक्यातील कार्यकर्ता शिबिरात जानेवारी २०१२ मध्ये झालेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्यातले शब्द शक्यतो तसेच ठेवले आहेत.)



वडीलधारी मंडळी, दादा, बाया, आणि कामधंदा सोडून आज इथं येऊन बसलेले पोट्टे-पोट्टी,

धान चुरून झालं, कोठीत गेलं. मोहफूल पडायला अजून वेळ आहे. बैठका घ्यायला हेच दिवस बरे. सरकारचंही असंच असतं. ३१ मार्च जवळ आला की उरलेला पैसा घाईघाईनं खर्च होतो आणि पुढच्या वर्षाच्या कामांच्या याद्या तयार होतात. म्हणून आज पट्ट्यावर थोडं कमी आणि पैशावर थोडं जास्त बोलणार आहोत. तोही सुरक्षेच्या पैशावर.

गावोगाव फिरताना आम्ही विचारलं, नक्षलग्रस्त म्हणून आपल्या गोंदिया जिल्ह्याला वेगळा पैसा येतो, माहीत आहे का? बहुतेक ठिकाणी उत्तर एकच. "तो पोलिसाइचा पैसा, आपल्याले का कराचं?" हे उत्तर बदलायचं आहे. तो सगळा पैसा पोलिसांचा नाही. आणि जो पोलिसांचा आहे, तोही आपल्या गावांची नावं सांगूनच आणला जातो.

आधी कुठून काय येतं ते पाहू. केंद्राच्या गृहखात्याची सुरक्षाविषयक खर्चाची एक योजना आहे, साहेब लोक तिला एसआरई म्हणतात. राज्यानं आधी खर्च करायचा, केंद्रानं मागून भरून द्यायचा. पोलिसांचं प्रशिक्षण, मारल्या गेलेल्या पोलिसांच्या आणि गावकऱ्यांच्या घरच्यांना मदत, शरण आलेल्यांचं पुनर्वसन, ग्रामरक्षक दलं, प्रचाराची पत्रकं, हे सगळं त्यात बसतं. बाजाराच्या दिवशी पोस्टर दिसतात ना, त्यांचाही खर्च तिथून मागता येतो. दुसरी योजना तटबंदीच्या पोलीस ठाण्यांची. देशभरात ४०० ठाणी, एका ठाण्याला २ कोटी, त्यातले ८० टक्के केंद्राचे आणि २० टक्के राज्याचे. या दोन्हींत गावाला विचारायची रीतच नाही. त्यावर आज जास्त वेळ घालवत नाही.

वेळ घालवायचा आहे तो एकात्मिक कृती आराखड्यावर. याला सगळे आयएपी म्हणतात. नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्रानं तो मंजूर केला आणि देशातले ६० 'आदिवासी आणि मागास' जिल्हे निवडले. महाराष्ट्रातून दोनच, गडचिरोली आणि गोंदिया. २०१०-११ साठी प्रत्येक जिल्ह्याला २५ कोटी, २०११-१२ साठी ३० कोटी. दोन वर्षांचे मिळून ५५ कोटी झाले. कामं कोणती, तर शाळेच्या इमारती, अंगणवाडी, प्राथमिक आरोग्य केंद्र, पिण्याचं पाणी, गावरस्ते, दवाखान्यात आणि शाळेत वीज. म्हणजे ज्यासाठी आपण पंचायत समितीच्या पायऱ्या झिजवतो, तेच सारं.

आणि ठरवतो कोण? तिघं जण. जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक आणि उपवनसंरक्षक. खासदारांशी सल्लामसलत करावी असं लिहिलं आहे. ग्रामसभेला त्या समितीत जागा नाही, जिल्हा परिषदेच्या निवडून आलेल्या माणसालाही नाही.

या तीन खुर्च्या आपल्या चांगल्या ओळखीच्या आहेत. त्यातल्या दोन तर आपल्याला दुसऱ्या खोलीतही भेटतात. वनहक्काच्या जिल्हास्तरीय समितीचे अध्यक्ष जिल्हाधिकारीच असतात आणि उपवनसंरक्षक त्या समितीवरही असतात. आयएपीची अट अशी आहे की थोड्या काळात निकाल दिसेल अशीच कामं निवडा. मग वनहक्काचे नियम १ जानेवारी २००८ ला लागू झाले, त्याला चार वर्षं झाली, त्यांचा निकाल कधी दिसणार? रस्त्याचा निकाल वर्षात पाहिजे आणि रस्त्याच्या कडेला ज्याची बांधी आहे त्याच्या दाव्याला तारीखच नाही, हे कसं चालेल? हा प्रश्न दोन्ही समित्यांना एकाच कागदावर विचारायचा आहे.

'आदिवासी जिल्हा' या शब्दाबद्दलही बोललं पाहिजे. आपल्यातले काही मित्र प्रत्येक निवेदनात 'पेसा लागू करा' असं लिहितात. भावना बरोबर आहे, पण कायदा तसा नाही. १९९६ चा पेसा फक्त पाचव्या अनुसूचीतल्या क्षेत्राला लागतो. महाराष्ट्रातलं असं क्षेत्र १९८५ च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं ठरलं आहे, आणि त्यात गोंदियाचं एकही गाव नाही. शेजारी गडचिरोलीचा बराच भाग आहे. पलीकडे छत्तीसगडात मानपूर-मोहला आहे. मधे आपण मोकळे. जिल्ह्यात आदिवासी शेकडा १६ च्या आसपास, पण देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगावच्या जंगलपट्टीत टोलेच्या टोले आपले आहेत. देवरीला आदिवासी विकासाचं प्रकल्प कार्यालयही आहे. म्हणजे बंदुकीच्या यादीत आपण आदिवासी, अधिकाराच्या यादीत नाही. म्हणून मागणी लिहायची ती 'आमची गावं अनुसूचित क्षेत्रात घ्या' अशी. ती मान्य होईपर्यंत आपल्या हातात २००६ चा वनहक्क कायदा आणि आपली ग्रामसभा आहे. तेही कमी नाही, पुढं सांगतो.

आता अवघड गोष्ट. राज्य सरकारची गावबंदी योजना २००३ पासून आहे. ग्रामसभेनं ठराव करायचा की नक्षलवाद्यांना गावात येऊ देणार नाही, जेवण देणार नाही. बदल्यात गावाला काही लाखांचा विकासनिधी. ठराव दिवसा होतो, साहेब समोर असतात, फोटो निघतो. रात्री गावात साहेब राहत नाहीत. ठरावावर सह्या कोणाच्या आहेत हे दोन्हीकडच्यांना वाचता येतं. आणि ज्या गावानं ठराव केला नाही त्याचं नाव वेगळ्या वहीत जातं, तिथल्या पोरांना बाजाराच्या वाटेवर जास्त वेळ थांबवतात. करा तरी मरण, नाही करा तरी मरण.

आम्ही कोणत्याही गावाला असा ठराव करा म्हणत नाही आणि करू नका असंही म्हणत नाही. जंगलातून येऊन गावच्या माणसाला खबऱ्या ठरवून मारणं आम्हाला मान्य नाही, हे आम्ही उघड बोलतो. पण बोअर, रस्ता, समाजमंदिर हे आपलं हक्काचं आहे. ते कोणाविरुद्ध सही केल्याचं बक्षीस म्हणून आलं की आपली बोडीसुद्धा लढाईतली बाजू होऊन जाते. पाण्याच्या ठरावात पाण्याचंच लिहायचं.

अशा पैशातून काय होऊ शकतं ते शेजारी पाहिलं. छत्तीसगडात आदिवासी पोरांना विशेष पोलीस अधिकारी म्हणून घेतलं. महिन्याला ३००० रुपये मानधन. त्यात केंद्राचाही पैसा होता. सर्वोच्च न्यायालयानं ५ जुलै २०११ ला नंदिनी सुंदर यांच्या खटल्यात हे घटनेविरुद्ध ठरवलं. थोडं शिकलेल्या पोरांच्या हाती बंदूक देऊन नक्षलवाद्यांसमोर उभं करणं बंद करा, आणि केंद्रानं त्यासाठी पैसा देणं बंद करा, असं सांगितलं. कोणत्यातरी आराखड्यात ती ओळ 'स्थानिक युवकांना रोजगार' अशीच दिसली असेल. म्हणून प्रत्येक ओळ वाचायची.

तंटामुक्त गाव मोहिमेबद्दल थोडक्यात. १५ ऑगस्ट २००७ ला ती सुरू झाली, बक्षीस लोकसंख्येप्रमाणे मिळतं. धुऱ्याचं भांडण गावात मिटलं तर चांगलंच, कोर्टाचं भाडं वाचतं. पण बाईला मारहाण झाली, कोणी जातीवरून शिवी देऊन जमिनीवरून हाकललं, ते 'तंटा' म्हणून मिटवायचं नाही. बक्षिसासाठी तर नाहीच. त्याला ॲट्रॉसिटीचा कायदा आहे, जिल्ह्याची दक्षता समिती आहे, ती तीन महिन्यांतून एकदा तरी बसली पाहिजे असा नियम आहे. शेवटची कधी बसली, हे विचारायला लाजू नका.

मग आपला आराखडा काय? बैठकांमध्ये बायांना विचारलं, तुमच्यासाठी सुरक्षा म्हणजे काय. ठाणं पाहिजे असं कोणी म्हणालं नाही. एक मावशी म्हणाली, "नाल्याले पूर आला का बाळंतीणले खाटेवर कसं न्यावं?" दुसरी म्हणाली, रोवणीत साप चावला तर दवाखान्यात औषध पाहिजे आणि औषध देणारं माणूसही पाहिजे. तिसरी म्हणाली, सरपणाची मोळी घेऊन येताना भीती वाटू नये. ही तिसरी गोष्ट आयएपीच्या कोणत्याच रकान्यात बसत नाही, पण आमच्या मते सगळ्यात मोठी तीच. आपली माणसं ठाण्याची पायरी बहुतेक वेळा जंगलाच्या केसमध्येच चढतात. बांबू, सरपण, अतिक्रमण. एक तारीख म्हणजे दिवसाची मजुरी गेली आणि बसचं भाडं वेगळं.

गडचिरोलीत मेंढा-लेखाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला आणि एप्रिल २०११ मध्ये बांबू वाहतुकीचे पास ग्रामसभेच्या हाती आले. आता तिथल्या माणसानं गावाच्या पासावर बांबू नेला तर ती चोरी होत नाही. एका कागदानं गुन्हा कमी झाला. गुन्हे कमी करायचे असतील तर पोलीस वाढवण्याआधी आमचे सामूहिक दावे मंजूर करा, हे आपलं पहिलं कलम.

दुसरं कलम वकिलाचं. विधी सेवा प्राधिकरणाच्या १९८७ च्या कायद्यात कलम १२ आहे. अनुसूचित जमातीच्या माणसाला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाचा दाखला लागत नाही. तेराव्या वित्त आयोगानं न्यायाच्या कामासाठी २०१० ते २०१५ या पाच वर्षांत राज्यांना ५००० कोटी ठेवले. त्यात लोकअदालत आणि कायदेशीर मदत मिळून ३०० कोटी, आणि कोर्टाच्या जुन्या वारसा इमारतींना ४५० कोटी! इमारती जपाव्यात, आमची हरकत नाही. पण आठवडी बाजाराच्या दिवशी बाजारगावात कायदेशीर मदतीचा एक माणूस बसावा, एवढं तरी ३०० कोटीत बसावं.

आता ग्रामसभेच्या हातात काय आहे ते. वनहक्क कायद्याचं कलम ३(२) पाठ करा. शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रेशन दुकान, तलाव, पाण्याची योजना, रस्ता अशा १३ प्रकारच्या कामांना वनजमीन देता येते. एका कामाला १ हेक्टरपेक्षा कमी, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तोडायची नाहीत, आणि ग्रामसभेची शिफारस पाहिजेच. आपल्या पट्टीत आयएपीचं कोणतंही काम काढलं की जंगल लागतंच. म्हणजे तिघांच्या खोलीत तयार झालेली यादी शेवटी आपल्या दारात येते. कोऱ्या कागदावर सह्या मागितल्या तर देऊ नका. १३ कामांत पोलीस चौकी नाही, हेही लक्षात ठेवा. मे २०११ मध्ये केंद्रानं या ६० जिल्ह्यांसाठी वन संवर्धन कायद्यातली सूट ५ हेक्टरपर्यंत वाढवली, त्यात पोलीस ठाणीही आहेत. तसा प्रस्ताव आला तर केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाचं ३ ऑगस्ट २००९ चं पत्र पुढं करा. वनजमीन वळवण्याआधी वनहक्काची प्रक्रिया पूर्ण झाली पाहिजे आणि ग्रामसभेची संमती पाहिजे, असं त्यात आहे. पत्राच्या प्रती आज मागच्या बाकावर ठेवल्या आहेत.

काही साथी म्हणतात, हा पैसाच नको, यात रक्त आहे. त्यांचा राग आम्हाला समजतो. पण पूल बांधणाऱ्या पैशाला नाही म्हणायचं आणि बाळंतीणला खाटेवर न्यायचं, हे त्या मावशीला कोण सांगणार? पैसा घ्यायचा, आपल्या ठरावानं घ्यायचा.

२६ जानेवारीच्या ग्रामसभेत तीनच कामं लिहा, पंचवीस लिहू नका. पंचवीस लिहिली की साहेब त्यांना पाहिजे ते उचलतात. प्रत्येक कामापुढं जागा, जंगलाचा कक्ष क्रमांक, किती घरांना उपयोग, आणि इमारत असेल तर त्यात बसणारा माणूस कोण, नर्स की मास्तर, हेही लिहा. नुसती भिंत मागू नका. त्याच ठरावात प्रलंबित दाव्यांची संख्या टाका. कलम ३(२) च्या शिफारशीची सभा वेगळी घ्या, तिला दोन-तृतीयांश हजेरी लागते. बायांना आधी निरोप द्या, त्या आल्याशिवाय हजेरी भरत नाही. ठरावाच्या प्रती तिन्ही साहेबांना द्या आणि पोच घ्या. ग्रामसेवक ठराव लिहायला तयार नसेल तर आपण लिहून सह्या-अंगठे घ्या.

सोबत माहिती अधिकाराचा एक अर्ज. १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट, दारिद्र्यरेषेखालच्यांना तेही नाही. दोन वर्षांतल्या आयएपीच्या कामांची गाववार यादी, मंजूर रक्कम आणि झालेला खर्च, एवढंच मागा. ३० दिवसांत उत्तर आलं पाहिजे. अर्जाचा नमुना पुढच्या अंकात छापतो, पण तोवर थांबू नका, आजच लिहून घ्या. ठरावांच्या प्रती १० फेब्रुवारीपर्यंत आमच्याकडे पोचत्या करा. ज्या टोल्यात लिहिणारं कोणी नाही त्यांनी जेवणाच्या सुट्टीत नाव सांगावं, आमच्यातले दोघं २५ तारखेच्या रात्रीच मुक्कामाला येतील.

जय सेवा!