बेत आणि बोलणे

मनात नवी कल्पना आली की ती कोणाला तरी सांगावीशी वाटते. मनुष्यस्वभावच तसा आहे. सांगितल्याने मन हलके होते. परंतु पुष्कळदा मनाबरोबर ती कल्पनाही हलकी होते. जयपूरच्या जुन्या शहरात, ज्याला तेथील लोक चारदीवारी म्हणतात, राजवाड्याच्या शेजारी जंतरमंतर उभे आहे. ते पाहताना या गोष्टीचा विचार अवश्य करावा.

तेथील सम्राट यंत्र सुमारे २७ मीटर उंच आहे. त्याची सावली संगमरवरी कमानीवर मिनिटाला सुमारे ६ सेंटिमीटर सरकते, आणि तिच्यावरून दोन सेकंदांपर्यंतचा काळ वाचता येतो. हे वैभव पाहून वाटते की, सवाई जयसिंग महाराजांना ही कल्पना अशीच, पूर्णावस्थेत सुचली असावी. वस्तुस्थिती तशी नाही. पंचांगांतील आणि ग्रंथांतील ग्रहस्थिती प्रत्यक्ष आकाशाशी जुळत नाही, एवढीच त्यांची पहिली खंत होती. त्यावर उपाय म्हणून त्यांनी आधी समरकंदच्या वेधशाळेच्या धर्तीवर पितळेची यंत्रे करविली. ती फसली. आकार लहान, अंशांचे सूक्ष्म विभाग पाडण्यास जागा नाही, आस झिजून डळमळू लागलेले, वर्तुळांचे मध्य सरकलेले. तेव्हा दगड आणि चुना यांची भव्य, अचल यंत्रे बांधावीत, हा खरा नवा विचार पुढे आला.

आता कल्पना करा, पितळेच्या अवस्थेतच या बेताचा डंका सर्वत्र पिटला गेला असता, तर? दरबारी भाटांनी कवने रचली असती, आणि मग पितळ सोडून देणे हा राजाच्या प्रतिष्ठेचा प्रश्न झाला असता. उच्चारलेला शब्द माणसाला कल्पनेच्या पहिल्या, कच्च्या रूपाशी जखडून टाकतो. दुसरी हानी याहून सूक्ष्म आहे. काम होण्याआधीच वाहवा मिळाली की काम झाल्याचे समाधान अर्धेअधिक पदरात पडते, आणि हात सैल होतात. पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसह २००९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत हेच आढळले. ज्या विद्यार्थ्यांच्या संकल्पांची दुसऱ्या कोणी दखल घेतली, त्यांनी ते संकल्प तडीस नेण्यासाठी कमी कष्ट घेतले. ‘बाजारात तुरी’ ही म्हण रचणाऱ्याला हे प्रयोगाविनाच ठाऊक असावे!

याचा अर्थ ओठ शिवून बसावे असा मात्र नव्हे. जयसिंगांनी हा बेत बादशहा मुहम्मदशहाच्या कानी घातला होता. कारण त्याच्या अनुज्ञेवाचून पाऊल उचलणे शक्य नव्हते. ज्यांच्या हातून काम व्हायचे, त्यांच्याशी तर अखंड बोलणे चालू होते. परंपरेने महाराष्ट्रीय मानले गेलेले जगन्नाथ सम्राट हे त्यांपैकी प्रमुख. त्यांनी युक्लिडचे भूमितिशास्त्र अरबीतून ‘रेखागणित’ या नावाने संस्कृतात आणले आणि टॉलेमीच्या ग्रंथाला ‘सम्राट सिद्धांता’चे रूप दिले. मुसलमान ज्योतिषी आणि जेझुइट पाद्रीही पुढे या खटाटोपात आले. अशा माणसांशी झालेले बोलणे म्हणजे स्तुती नव्हे, परीक्षा. ते ऐकणारा ‘वा!’ म्हणत नाही; ‘आस झिजला तर काय?’ असे विचारतो. पहिल्या बोलण्याने कल्पना सुकते, दुसऱ्याने ती मूळ धरते.

दिल्लीत १७२४ च्या सुमारास यंत्रे उभी राहिली. १७२७ साली जयपूर वसले, आणि दिल्लीच्या वेधांची खातरजमा व्हावी म्हणून जयपूर, मथुरा, काशी व उज्जैन येथेही तशीच यंत्रे बांधली गेली. सात वर्षे वेध घेतल्यावर युरोपातही वेधशाळा असल्याची वार्ता महाराजांना लागली. ती आधी लागती तर बरे झाले असते, हे कबूल केलेच पाहिजे. युरोपात दुर्बीण आकाशाकडे वळून तोवर शंभरावर वर्षे लोटली होती. तरीही, पाद्री मानुएल यांना पाठवून मागविलेली युरोपीय कोष्टके जेव्हा त्यांनी ताडून पाहिली, तेव्हा चंद्राच्या स्थानात अर्ध्या अंशाची चूक काढण्याइतके स्वतःचे वेध त्यांच्या हाताशी तयार होते.

हे सारे ‘झीज-ए-मुहम्मदशाही’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेत आले आहे. पितळेची यंत्रे का फसली, तेही तेथे निःसंकोचपणे नमूद केले आहे. आणि ते लिहिले गेले तेव्हा दगडी यंत्रांवर सावल्या फिरू लागून वर्षे झाली होती.