पोऱ्या नव्हे, विद्यार्थी



आपल्या मायबोलीत लेकराच्या वाढीला पायरीपायरीने शब्द आहेत. अंगावर पितं ते तान्हं. मग ते रांगतं, मग दुडुदुडु धावतं. पुढे मिसरूड फुटलं की पोरगा तरणा झाला, पोरगी वयात आली, असं म्हणतात.

पण मधली एक पायरी आमच्या वाट्याला वेगळी आली. बाराव्या वर्षी आम्ही हॉटेलात कपबश्या धुवायचो. गिऱ्हाईक हाक मारायचं, "ए पोऱ्या!" नाव कुणी विचारलं नाही. आमच्याच वयाची शाळेतली मुलं मात्र 'विद्यार्थी' होती. वय एकच, शब्द दोन! आम्हाला वाचनाची गोडी लागली ती पुढे गिरणीत, रात्रपाळी करता करता.

२००९ च्या कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला शिक्षणाचा हक्क दिला. २०१६ च्या दुरुस्तीने चौदाच्या आतल्या बालकाला हॉटेलात, कारखान्यात कामाला ठेवणे दखलपात्र गुन्हा ठरले. कायदा कागदावर आहे. तो आपल्या तोंडातही आला पाहिजे.

म्हणून एकच सांगणे आहे. टपरीवर असं लेकरू दिसलं तर 'पोऱ्या' म्हणू नका. आधी नाव विचारा. मग विचारा, "बाळा, कितवीत आहेस?" उत्तर आलं नाही, तर त्याला शाळेत नेणं हे आपलं काम आहे.

जयभीम!