आंघोळीचं पाणी, सरपण आणि वाघ

मे महिन्यात ४५ अंशांवर तापणाऱ्या चंद्रपुरात गरम पाण्याचा विषय काढला की लोक हसतात. पण डिसेंबरातली पहाट आठवा. घरात गॅस आलाय, तो भाजीपुरता. आंघोळीचं पाणी अजून चुलीवरच, कारण त्यासाठी सिलिंडर कोण संपवणार? सरपण जंगलातून येतं, आणि ताडोब्याच्या आजूबाजूच्या जंगलात वाघ आहे. सरपणाला गेलेल्या बाया त्यात मारल्या गेल्यात.

मग सोलर हीटर का नाही? उन्हाची तर इथं कमी नाही. अडतं ते छपरावर. हीटर ठेवायला स्लॅब हवा, त्याच्याही वर थंड पाण्याची टाकी हवी. गावात छप्पर कवेलूचं, पाणी हापशीचं, आणि काचेच्या नळ्यांवर वानरं उड्या मारणार ते वेगळंच! केंद्राचं अनुदानही २०१४ मध्ये थांबलं. वाइल्डलाइफ कन्झर्व्हेशन ट्रस्टनं चंद्रपुरातल्या गावांत कमी लाकडावर चालणारे बंब दिले, ते मला जास्त शहाणपणाचं वाटतं.

सोलरचं खरं गिऱ्हाईक माझ्या मते गडचिरोलीतल्या, स्लॅब आणि टाकी असलेल्या आश्रमशाळा. दोन चौरस मीटरचा पॅनल चांगल्या उन्हात दिवसाला साधारण १०० लिटर पाणी तापवतो. थंड पाणी मिसळलं की दहाएक पोरांची आंघोळ. २०० पोरांना असे वीस लागतील.